रक्त आमचे, पैसा जनतेचा. मग चिप कुणाची?

जानेवारी २०२५ मध्ये धायरीच्या माणसांनी एक नवे नाव पाठ केले. गुइलेन बॅरे सिंड्रोम. वर्तमानपत्रांनी त्याचे 'जीबीएस' केले आणि चार दिवसांत भाजी विकणाऱ्या मावशींच्याही तोंडी ते बसले. आधी जुलाब, मग काही दिवसांनी पायातली ताकद जाणे, मग हातातली, आणि काहींच्या बाबतीत श्वास घेण्याचीही. शरीराची प्रतिकारशक्ती जंतूशी लढता लढता स्वतःच्याच नसांवर उलटते, असा हा आजार. नांदेड गाव, किरकटवाडी, खडकवासला, धायरी हा सिंहगड रस्त्याचा पट्टा त्याने हादरवला. पुणे परिसरातील रुग्णांची संख्या दोनशेच्या घरात गेली, माणसे दगावली. राष्ट्रीय विषाणू संस्थेने रुग्णांच्या विष्ठेचे नमुने तपासले. काहींत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय नावाचा जीवाणू निघाला, काहींत नोरोव्हायरस. बोट पाण्याकडे गेले. विहिरीकडे गेले, टँकरकडे गेले, गल्लीतल्या खासगी आरओ प्रकल्पांकडे गेले. महापालिकेने त्यातले काही बंदही केले.

धायरीचा उरलेला भाग २०१७ मध्ये पुणे महापालिकेत आला. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, नऱ्हे ही गावे २०२१ मध्ये आली. कराची पावती वेळेवर आली, पाणी शुद्ध करणारी यंत्रणा मात्र आली नाही. धरण उशाला आणि कोरड घशाला, अशी आपल्याकडे म्हण आहे. इथे कोरड नव्हती. पाणी होते, पण ते पिऊन माणूस अंथरुणाला खिळत होता.

पाण्याचा प्रश्न आम्हाला कुणी नव्याने शिकवायला नको. १८६८ साली महात्मा फुल्यांनी याच पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या दोन्ही वेळी प्रश्न होता, पाण्याला हात कोण लावू शकतो. आज धायरीत आणखी एक प्रश्न त्याला जोडला गेला आहे: त्या पाण्यात काय आहे, हे कोणाला आणि केव्हा कळते? ज्याच्याकडे हे कळण्याचे साधन आहे तो वाचतो. ज्याच्याकडे नाही, त्याचा नमुना बर्फाच्या डब्यात घालून शहराच्या दुसऱ्या टोकाला पाठवावा लागतो आणि तोवर तो नळाचेच पाणी पीत राहतो.

आज आम्ही लिहितो आहोत ते अशाच एका साधनाबद्दल. विषय जरा रूक्ष वाटेल, पण वाचकांनी धीर धरावा.

गेल्या काही दिवसांत एका रविवारी, विहारातील वंदना संपल्यावर, वस्तीतील एक मुलगी आमच्याजवळ आली. बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. झालेली. आई घरकाम करते, वडील बांधकामावर सेंट्रिंगचे काम करतात. तिला एका कंपनीतून मुलाखतीचे बोलावणे आले होते. कंपनी जीवशास्त्राच्या संशोधनासाठी मायक्रोफ्लुइडिक्सची उपकरणे तयार करते. "म्हणजे काय?" आम्ही विचारले. आम्ही कायद्याची पदवी घेतलेली माणसे. आमचे विज्ञान दहावीला सुटले. तिने वहीच्या पाठकोऱ्या पानावर चित्र काढून समजावले. आम्हाला लगेच समजले, असे म्हटले तर ते खोटे ठरेल. तिसऱ्यांदा सांगितल्यावर समजले.

तर अशी कल्पना करा. बोटाएवढी काचेची किंवा मऊ सिलिकॉन रबराची पट्टी आहे. तिच्या पोटात अतिशय बारीक नाल्या कोरल्या आहेत, माणसाच्या केसाएवढ्या आणि त्याहूनही बारीक. आपल्या रक्तातली तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची असते, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये अशा शंभराहून अधिक पेशी ओळीने बसतील. या नाल्यांतून रक्ताचा, लाळेचा किंवा पाण्याचा थेंब नेला, की तो बादलीतल्या पाण्यासारखा वागत नाही. त्यात भोवरे उठत नाहीत. दोन द्रव एकाच नालीत सोडले तर ते न मिसळता शेजारी शेजारी वाहत राहतात. एकाच वाटेने जायचे आणि एकमेकांत मिसळायचे नाही, हे ऐकून आम्हाला आमचे मूळ गाव आठवले! मुलगी हसली आणि म्हणाली, "काका, पण रेणू इकडून तिकडे जातातच. फक्त हळू जातात." असो.

या शिस्तबद्ध वाहण्याचाच उपयोग करून घेतात. कुठे वळण, कुठे गाळणी, कुठे गरम करण्याची जागा अशी रचना केली, की मोठ्या प्रयोगशाळेतली टेबलभर कामे त्या पट्टीत होऊ शकतात. पेशी वेगळ्या करायच्या, जंतू फोडायचा, त्याची जनुके बाहेर काढायची, ती वाढवून ओळखायची. तेलाच्या प्रवाहात पाण्याचे लाखो थेंब पाडून एकेका थेंबात एकेक पेशी कोंडताही येते. कर्करोगाच्या गाठीतली कोणती पेशी काय करते, हे आज असेच शोधले जाते. फुप्फुसाच्या पेशी चिपवर वाढवून त्यांना श्वासासारखा ताण देण्याचा प्रयोग अमेरिकेत २०१० मध्ये झाला. आपल्या सरकारने २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती केली आणि प्राण्यांऐवजी अशा चिपवर औषध तपासण्याला वाट मोकळी केली. गरोदरपणाची तपासणी करणारी मेडिकलमधली पट्टी सर्वांना माहीत आहे. द्रव आपोआप शोषला जाऊन पुढे सरकतो आणि रेघ उमटते, ती या कुळातली सर्वांत साधी बहीण म्हणायला हरकत नाही.

अशी कंपनी काढायला पिंपरी-चिंचवडसारखा शंभर एकरांचा कारखाना लागत नाही. धूळ नसलेली एक खोली, काही यंत्रे, चांगला सूक्ष्मदर्शक आणि शिकलेली दहा-वीस माणसे. म्हणून ती धायरी-नऱ्ह्याच्या वर्कशॉपांच्या गर्दीतल्या एखाद्या मजल्यावरही उभी राहू शकते. पुण्यात त्याला पोषक हवा आहे. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, तिच्या आवारात २००७ पासून नवउद्योगांना जागा आणि यंत्रे देणारे व्हेंचर सेंटर आहे. विषाणू संस्था आहे, पेशी विज्ञान केंद्र आहे, आयसर आहे. आणि दिल्लीहून पैसाही येतो. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१२ मध्ये 'बायरॅक' ही सरकारी कंपनी काढली. तिच्या एका योजनेतून नव्या कल्पनेला पन्नास लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळत आले आहे. हे कर्ज नव्हे, अनुदान. म्हणजे जनतेचा पैसा. काडेपेटी घेतानाही जी आजी कर भरते, तिचा पैसा.

आमचा या उद्योगाला विरोध नाही, हे आम्ही आधीच स्पष्ट करतो. आपल्याकडे काही मंडळींना यंत्र म्हटले की भांडवलशाहीचा वास येतो. बाबासाहेब तसे नव्हते. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, ही त्यांची भूमिका होती. गांधीजींच्या चरख्याशी त्यांचे भांडण याच मुद्द्यावर होते. आमचे म्हणणे यंत्राबद्दल नाही, यंत्राच्या मालकीबद्दल आणि पोहोचण्याबद्दल आहे.

आणि पोहोचणे शक्य आहे, याचा दाखला दूर नाही, गोव्यात आहे. वेर्णा येथील मोलबायो डायग्नॉस्टिक्स ही कंपनी आणि तिच्यासाठी संशोधन करणारी बंगळुरूची बिगटेक लॅब्स यांनी 'ट्रूनॅट' ही चाचणी तयार केली. श्रीराम नटराजन आणि डॉ. चंद्रशेखर नायर ही त्यामागची नावे. थुंकीतून काढलेल्या जनुकांचा अगदी लहानसा थेंब, सहा मायक्रोलिटर, एका छोट्या चिपवर सोडायचा, आणि तासाभरात क्षयरोग आहे की नाही ते कळते. दुसऱ्या चिपवर रिफाम्पिसिन हे औषध लागू पडेल की नाही तेही कळते. यंत्र बॅटरीवर चालते. एसी लागत नाही. म्हणजे वीज गेली तरी तालुक्याच्या, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या खोलीत काम चालू राहते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये या चाचणीची शिफारस केली.

क्षय हा कुणाचा आजार आहे, हे आम्ही सांगायला नको. कोंदट खोली, अर्धपोटी मजुरी, धुळीचे काम. जगातल्या क्षयरुग्णांपैकी चतुर्थांशाहून अधिक एकट्या भारतात आहेत. त्यांच्यापर्यंत ही चिप का पोहोचली? कंपनी दयाळू होती म्हणून नव्हे. सरकारच्या क्षयनिर्मूलन कार्यक्रमाने ती विकत घेतली म्हणून. रुग्णाने खिशातून पैसे द्यायचे असते, तर तीच चिप जहांगीर-रुबीच्या रस्त्यावरच्या रुग्णांसाठी राहिली असती.

अमेरिकन 'जीनएक्सपर्ट' यंत्राची गोष्ट याच्या उलट आहे. तेही बारीक नाल्यांच्या डबीवर चालते, उत्तम चालते. पण एका डबीची किंमत गरीब देशांसाठीसुद्धा दहा डॉलरच्या जवळपास होती. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संघटनेने वर्षानुवर्षे मोहीम चालवली: हे यंत्र घडवायला सरकारांचा आणि दात्यांचा कोट्यवधी डॉलरचा पैसा लागला आहे, म्हणून किंमत पाच डॉलर करा. सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने क्षयाच्या डबीची किंमत सुमारे आठ डॉलरवर आणली. पाच झाली नाही. पण दहाची आठ झाली ती मागणाऱ्यांमुळे झाली, हे लक्षात घ्या. जनतेचा पैसा लागला असेल तर किमतीचा हिशेब जनता विचारू शकते, हे तिथे सिद्ध झाले. आपल्याकडे हा हिशेब कोणत्या पक्षाने, कोणत्या संघटनेने मागितला?

आता आमच्या रक्ताकडे येऊ.

विदर्भातून पुण्यात आलेल्या कुटुंबांत एक दुखणे वाड्या-वस्त्यांतून फिरत असते. मूल मधूनच हातपाय दुखतात म्हणून रडते. अंग पिवळे पडते, ताप येतो, रक्त कमी भरते. आमच्याकडे चंद्रपूर जिल्ह्यातून आलेली एक आई एका वेगळ्याच कामासाठी, भाड्याच्या खोलीच्या वादासाठी आली होती. बोलता बोलता मुलाचे निघाले. दोन वर्षे त्याला एका ठिकाणी 'वात' म्हणून गोळ्या दिल्या जात होत्या. शेवटी कुणीतरी रक्त तपासायला सांगितले, तेव्हा सिकलसेल निघाला. दोन वर्षे! तपासणी अवघड होती म्हणून नव्हे, कुणाला ती करावीशी वाटली नाही म्हणून.

सिकलसेलमध्ये तांबडी पेशी प्राणवायू कमी झाला की विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते, केसासारख्या रक्तवाहिनीत अडकते, आणि पलीकडच्या भागाला रक्त मिळत नाही. म्हणून वेदना. भारतात हा दोष १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत प्रथम नोंदवला गेला. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारच्या आदिवासींत आणि नागपूर-भंडाऱ्याकडच्या अनुसूचित जातींत, म्हणजे आपल्याच नात्यागोत्यांत, तो आढळतो. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्रातल्या सिकलसेलचा अभ्यास करण्यात आयुष्य घातले. नागपूरचे संपत रामटेके यांनी रुग्णांची संघटना बांधली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या समाजात या नावांच्या जयंत्या होत नाहीत, पण व्हायला हव्यात असे आमचे मत आहे.

गंमत पाहा. केसासारख्या रक्तवाहिनीत पेशी अडकते, हा आजार. आणि केसासारख्या नालीत पेशी अडकते की सरकते हे पाहणे, ही या चिपची करामत. जगभरच्या प्रयोगशाळांत सिकलसेलच्या पेशी अशा नाल्यांतून सोडून, प्राणवायू कमी-जास्त करून, कोणते औषध त्यांना पुन्हा लवचीक करते ते पाहिले जाते. या संशोधनासाठी काय लागते? रुग्णाचे रक्त. ते पेडर रोडवर मिळत नाही. ते आमच्या वस्तीत मिळते.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे पंतप्रधानांनी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. आदिवासीबहुल भागांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे लक्ष्य जाहीर झाले. चांगली गोष्ट आहे, आम्ही स्वागतच करतो. पण मोहिमेचा नकाशा आदिवासी जिल्ह्यांचा आहे. विदर्भातून धायरीत मजुरीला आलेल्या बौद्ध कुटुंबाला त्या नकाशात कुठे शोधायचे? रोग जिल्ह्याची हद्द पाहून थांबत नाही. तो एसटीत बसून स्वारगेटला उतरतो.

आणि कायद्याचे काय? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला अपंगत्वाच्या यादीत घेतले. लोकांनी पेढे वाटले. कायदा नीट वाचणाऱ्याला मात्र कलम ३४ मध्ये खोच दिसते. सरकारी नोकरीतील चार टक्के आरक्षणाच्या गटांत रक्ताचे आजार, म्हणजे सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, घेतलेलेच नाहीत! शिक्षणात सवलत आहे, नोकरीत नाही. म्हणजे शिकून घ्या आणि मग घरी बसा. हा मुद्दा आम्ही वेगळ्या लेखात सविस्तर मांडू.

रक्त देण्याला आमचा नकार नाही. पण रक्त कशासाठी घेतले, ते कुठे ठेवले, त्यातून काय निघाले, हे देणाऱ्याला कळले पाहिजे. इथे इतिहास आपल्याला सावध करतो. अमेरिकेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या. त्या पेशी प्रयोगशाळेत मेल्याच नाहीत, वाढत राहिल्या. त्यांच्यावर जगभर संशोधन झाले, कंपन्या उभ्या राहिल्या. तिच्या मुलाबाळांना वर्षानुवर्षे याची गंधवार्ता नव्हती. २०२३ मध्ये एका मोठ्या कंपनीने अखेर तिच्या वारसांशी समझोता केला. बहात्तर वर्षांनी! आणि आपल्याकडे? २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा येथे हजारो मुलींना, त्यांत कितीतरी आदिवासी, एचपीव्ही लस प्रकल्पाखाली टोचली गेली. अनेक संमतिपत्रांवर पालकांच्या नव्हे तर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात यावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली की वाईट, हा इथे मुद्दाच नाही. मुलगी कुणाची आणि सही कुणाची, हा मुद्दा आहे.

वैद्यक संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे संमती आणि लाभात वाटा या दोन्ही गोष्टी सांगतात. पण तत्त्वे म्हणजे कायदा नव्हे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा आरोग्याच्या माहितीला 'संवेदनशील' असा वेगळा दर्जा देत नाही. मोबाइल नंबर आणि जनुकातला दोष एकाच मापाने मोजले जातात. सिकलसेलच्या तपासणीनंतर मिळणारे कार्ड उपयोगी आहे, लग्नाआधी जुळवून पाहता येते. तेच कार्ड चुकीच्या हातात पडले, तर मुलीच्या लग्नात, मुलाच्या नोकरीत आडवे येते. जातीच्या दाखल्याने जो अनुभव दिला, तो आम्हाला रक्ताच्या दाखल्याने पुन्हा नको.

वाचकांनी दिपूनही जाऊ नये. थेंबभर रक्तात सगळे रोग ओळखू, असे सांगून अमेरिकेत थेरानोस नावाच्या कंपनीने अब्जावधी डॉलर्सचे नाव कमावले. यंत्र तसे काम करतच नव्हते. कंपनीची मालकीण एलिझाबेथ होम्स २०२२ मध्ये दोषी ठरली आणि अकरा वर्षांहून अधिक शिक्षा झाली. गुन्हा कोणता सिद्ध झाला? गुंतवणूकदारांना फसवल्याचा. रुग्णांना फसवल्याच्या आरोपांत ती सुटली. न्याय कुणाच्या खिशाला लागतो, ते यातून दिसते. उलट २०१७ मध्ये मनु प्रकाश या भारतीय वंशाच्या संशोधकाने दोऱ्यात ओवलेले बटण फिरवण्याच्या लहानपणच्या खेळावरून कागदाचे यंत्र बनवले, रक्तातून पेशी वेगळ्या करणारे, वीज न लागणारे, काही रुपयांचे. हुशारी दोन्हीकडे होती. हेतू वेगळा होता.

त्या मुलीच्या मुलाखतीचे पुढे काय झाले? घेतले नाही. "आणखी अनुभव हवा," असे सांगितले. शिवाय एकाने विचारले म्हणे, "धायरीत नेमके कुठे राहता?" या प्रश्नाचा अर्थ आमच्या वाचकांना फोड करून सांगावा लागत नाही. कंपनीचे नाव आम्ही घेत नाही, कारण अशी ती एकच नाही. अनुभव हवा तर तो मिळवायचा कुठे? खासगीत आरक्षण नाही. सरकारी प्रयोगशाळांत आहे म्हणतात. पण केंद्राने १९७५ मध्ये आदेश काढून संशोधन करणारी, त्याला दिशा देणारी वैज्ञानिक पदे, 'अ' गटातील सर्वांत खालच्या श्रेणीच्या वरची, आरक्षणातून वगळली, हे किती जणांना माहीत आहे? २०१९ च्या केंद्रीय शैक्षणिक संस्थांतील शिक्षक आरक्षण कायद्यातही टाटा मूलभूत संशोधन संस्था, होमी भाभा राष्ट्रीय संस्था अशांना परिशिष्टात टाकून सूट दिली. म्हणजे विज्ञानाच्या दारावर शिपाई आमचा चालतो, शास्त्रज्ञ आमचा चालत नाही. गुणवत्तेचे कारण पुढे करतात. मग आमच्या पीएच.डी. करणाऱ्या मुलांना 'बार्टी'च्या फेलोशिपसाठी २०२३ मध्ये अभ्यास सोडून मैदानात का बसावे लागले? गुणवत्ता उपोषणाच्या मंडपात वाढते काय?

या सगळ्या साखळीच्या शेवटच्या टोकाला आमचा माणूस मात्र हमखास सापडतो. चिप एकदा वापरली की तिच्यात कुणाचे तरी रक्त, कुणाची तरी थुंकी असते. ती जैववैद्यकीय कचऱ्यात जाते. तो कचरा उचलणारा कोण, हे पुण्यात कुणालाही विचारा. २०१६ चे नियम सांगतात की हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस दिली पाहिजे. ठेकेदाराच्या किती माणसांना ती मिळाली आहे? चिप जितकी स्वस्त होईल तितकी ती जास्त वापरली जाईल आणि तितकी जास्त फेकली जाईल. हा हिशेब कुठल्या प्रकल्प अहवालात असतो?

कुणी म्हणेल, तुम्ही दया मागता आहात. मुळीच नाही. आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचे कलम १५ सांगते, की वैज्ञानिक प्रगतीचे लाभ घेणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. भारताने तो करार १९७९ मध्ये स्वीकारला. आपल्या संविधानाचे कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य मानते. कलम २१ मधील जगण्याच्या हक्कात प्रदूषणमुक्त पाणी येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितले. बायरॅकचे अनुदान घेणाऱ्या कंपनीला सरकार अट घालू शकते: तुमच्या चाचणीचा दर सरकारी केंद्रांसाठी इतका राहील, रक्त देणाऱ्याला त्याच्या भाषेत माहिती द्याल, अनुसूचित जाती-जमातींच्या इतक्या मुलांना प्रशिक्षणार्थी म्हणून घ्याल. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. अनुदानाच्या करारात दोन परिच्छेद लागतात. ते लिहायला लावणारे लोक लागतात.

धायरीपुरते आम्ही काम सुरू केले आहे. माहिती अधिकाराच्या अर्जाचे नमुने तयार केले आहेत. जीबीएसच्या साथीनंतर आमच्या भागातील पाण्याचे किती नमुने तपासले, कोणत्या जंतूंसाठी तपासले, अहवाल यायला किती दिवस लागले? महापालिकेच्या दवाखान्यात सिकलसेलची तपासणी होते का, होत असेल तर गेल्या वर्षभरात किती झाल्या? कचरा उचलणाऱ्या किती कामगारांना लस दिली? महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द चालतात, म्हणून पाण्याचा अर्ज वेगळा, सिकलसेलचा वेगळा, लसीचा वेगळा. प्रत्येकावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. नमुने विहारात ठेवले आहेत. पहिल्या अर्जावर त्या मुलीने सही केली आहे.